कुठलीही शिट्टी

वाढदिवसाला बाहुल्यांचा खेळ करणारा माणूस बोलवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. बायको म्हणाली, बोलवू. साहेब म्हणाले, कशाला? या ‘कशाला’पासून सगळं सुरू झालं.

साहेब म्हणजे रंगाच्या कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर. रंगाचा कारखाना एका काडीत उडायचा, त्यामुळे तिथे त्यांचा शब्द मालकाच्याही वर. (मालकाला त्यांनी एकदा हेल्मेट नाही म्हणून गेटवरच अडवलं होतं. साहेब हे सगळ्यांना सांगतात. मालकही सांगतो, पण वेगळ्या आवाजात.) गळ्यात शिट्टी, खिशात दुसरी शिट्टी आणि या दोन्ही बिघडल्याच तर म्हणून स्कूटरच्या डिकीत तिसरी. अशा माणसाला पोरांची काय मातब्बरी?

“अगं, मी शिट्टी वाजवली की चहा गार व्हायच्या आत अख्खा कारखाना बाहेर मैदानात उभा असतो. मला चार पोरं आवरायची नाहीत?”

“चार नाहीत, अख्खा वर्ग येणार आहे,” बायको म्हणाली. “आणि त्यांना बाहेर नाही काढायचंय. आत रमवायचंय.”

“एकच गोष्ट आहे,” साहेब म्हणाले.

लेकीचं लाडाचं नाव ठिणगी. ते आजीने ठेवलेलं. ज्या माणसाच्या कारखान्यात एक ठिणगी उडाली तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल, त्याच्या घरात सकाळपासून ‘ठिणगी कुठे गेली’, ‘ठिणगी पलंगाखाली आहे’, असा आरडाओरडा चालायचा. नव्याने आलेल्या एका गॅसवाल्याने हे ऐकून सिलिंडर दारातच टाकून पळ काढला होता.

पण या वर्षी ठिणगीचं काही खरं नव्हतं. ती नव्या शाळेत गेली होती आणि तिथे तिचं कुणाशी जमत नव्हतं. घरात जिची टकळी थांबत नसे, ती पोरगी वर्गात तोंडात गुळणी धरून बसायची आणि डबा एकटीच खायची. वर्गात दोन वेण्यांची एक मुलगी होती, वर्गाची पुढारीच म्हणा ना. ती ज्याच्याशी बोलेल त्याच्याशी सगळा वर्ग बोले. ठिणगीने आजीच्या कुशीत शिरून सांगितलं होतं, “आजी, ती माझ्या वाढदिवसाला आली आणि तिला मज्जा आली, तर ती माझी मैत्रीण होईल. नाही आली, तर कुणीच होणार नाही.” आजीने हे आपल्या लेकीला सांगितलं आणि लेकीने आपल्या नवऱ्याला.

“तेव्हा या वेळी तुमचे प्रयोग नकोत,” बायको म्हणाली. “पोरीला मैत्रीण मिळाली पाहिजे, बास.”

“मिळेल,” साहेब म्हणाले. “आणि सुरक्षितपणे मिळेल.”

मग त्यांनी बागेची पाहणी केली. ज्या बागेत आजवर मांजराशिवाय कुणाला काही झालं नव्हतं, तिथे त्यांना पावलोपावली धोके दिसू लागले. गुलाबाच्या काट्यांवर त्यांनी आपले जुने मोजे चढवले. सासूबाईंना वाटलं धुणं वाळत घातलंय. त्यांनी ते काढून घड्या करून कपाटात ठेवले. साहेबांनी पुन्हा चढवले. झोपाळा दोरीने खांबाला बांधून टाकला. फुगे फुटून कुणी दचकू नये म्हणून ते अर्धेच फुगवायचे असं ठरलं, त्यामुळे बागेत जागोजाग शिळी वांगी टांगल्यासारखी दिसू लागली. घरासमोरच्या गल्लीत एरवी दुधाच्या सायकलीपलीकडे काही येत नसे, तरी गल्लीच्या दोन्ही तोंडांना साहेबांनी खुर्च्या आडव्या घातल्या.

मेणबत्तीवर मात्र घोडं अडलं.

“उघडी ज्योत? आणि माझ्या घरात?”

“मग फुंकायचं काय तिने? तुमची बॅटरी?”

साहेबांना बॅटरीची कल्पना फारच आवडली होती, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी तडजोड केली. मेणबत्ती एकच लावायची. टेबलाखाली वाळूची बादली आणि शेजारी हातात ओला टॉवेल घेऊन स्वतः साहेब.

ठरल्या दिवशी पोरं आली. अख्खा वर्ग आला, आणि ज्यांना धाकटी भावंडं होती त्यांनी तीही आणली. दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांत शेवटी आली आणि फाटकातच उभी राहून तिने बागेवरून अशी नजर फिरवली, की कारखान्यात तपासणीला येणारे सरकारी लोक आठवावेत. मोजे घातलेल्या गुलाबाकडे तिने जरा जास्तच वेळ बघितलं. ठिणगी जीव मुठीत धरून उभी राहिली.

“मुलांनो!” साहेबांनी टाळी वाजवली. “वाढदिवसाला सगळ्यात आधी काय असतं?”

“केक!”

“चूक. सगळ्यात आधी सुरक्षा.”

ठिणगीने आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. बायकोने आकाशाकडे बघितलं. साहेबांनी मात्र बाहेर पडायचा मार्ग दाखवला, पाण्याची जागा दाखवली आणि मग मुख्य मुद्द्यावर आले. शिट्टी वाजली की हातातलं असेल ते टाकायचं, रांग करायची आणि गल्ली ओलांडून समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या हिरवळीवर जाऊन उभं राहायचं. याला म्हणतात असेंब्ली पॉइंट. या बाई दातांच्या डॉक्टर, दवाखाना घरातच. त्यांची परवानगी साहेबांनी सकाळीच काढली होती. (“या की,” बाई म्हणाल्या होत्या. “फक्त पेशंट असताना ओरडू नका. ते काम पेशंटचं आहे.”)

साहेबांनी सगळं तोंडपाठ करून घेतलं.

“शिट्टी वाजली की हातातलं?”

“टाकायचं!”

“धावायचं?”

“नाही!”

“काही विसरलं म्हणून मागे?”

“फिरायचं नाही!”

दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. “काका, कुठलीही शिट्टी?”

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझी शिट्टी, बाळ. पण साहेबांनी आयुष्यभर काय पाहिलं होतं? शिट्टी ऐकूनही ‘छे, ही रोजचीच’ म्हणत चहा पीत बसणारी माणसं. त्यांचा जुना राग उफाळून आला.

“कुठलीही!” ते गरजले. “कुणाची, कशाची, कशाला, काही विचारायचं नाही. विचार करत बसतो तो मागे राहतो. सांगा, कुठलीही?”

“कुठलीही!” पोरांनी बाग डोक्यावर घेतली.

आता खरं सांगायचं तर पहिली कवायत झकास झाली. साहेबांनी शिट्टी फुंकली आणि सगळी पोरं रांगेने, धाकटी भावंडं बोटाला धरून, समोरच्या हिरवळीवर जाऊन उभी राहिली. पोरांना हा खेळच वाटला. परत आल्यावर ती ‘पुन्हा, पुन्हा’ करू लागली. साहेबांनी बायकोकडे असं बघितलं, की त्या नजरेचं भाषांतर करायची गरज नव्हती. मग संगीत खुर्ची झाली (खुर्च्या गल्लीत असल्यामुळे संगीत सतरंजी झाली), पळापळी झाली, आणि दोन वेण्यांची मुलगी एकदा चक्क हसली. ठिणगीने ते बघितलं आणि तिची कळी खुलली.

एवढ्यात सासूबाईंच्या लक्षात आलं की कटलेट संपत आली. भावंडांचा हिशेब कुणीच केला नव्हता. त्या मुकाट्याने आत गेल्या, कुकरमध्ये बटाटे लावले आणि गॅस मोठा केला.

बाहेर केकभोवती घोळका झाला. मेणबत्ती पेटली. साहेब ओला टॉवेल ताणून उभे राहिले. ठिणगीच्या हातात सुरी, आणि तिच्या खांद्यावर आपणहून येऊन पडलेला हात होता दोन वेण्यांच्या मुलीचा. ठिणगी इतकी खूश झाली की गाणं सुरू व्हायच्या आधीच ती फुंकर मारायला वाकली.

आणि कुकरने शिट्टी दिली. चांगली लांबलचक, सासूबाईंच्या जुन्या कुकरची.

मग खांद्यावरचा हात उचलला गेला.

“कुठलीही!” दोन वेण्यांची मुलगी ओरडली, हातातला सरबताचा पेला तिने तिथल्या तिथे सोडला आणि रांग धरली. तिच्यामागे अख्ख्या वर्गाने हातातलं होतं ते टाकलं. बागेत कटलेटांचा आणि सरबताचा सडा पडला. कुणी धावलं नाही. कुणी ढकललं नाही. कुणी मागे वळून केककडेही बघितलं नाही.

“अरे, थांबा! कुकर आहे तो!” बायको ओरडली.

“अगं, अडवू नकोस त्यांना!” साहेबांनी तिला थोपवलं. ती रांग बघून त्यांनी ओला टॉवेल छातीशी धरला होता. अशी कवायत त्यांच्या कारखान्यात उभ्या जन्मात झाली नव्हती. “एकदा ‘ही खोटी’ म्हटलं की संपलं. उद्या खरी वाजली तर हीच पोरं बसून राहतील. चल, तूही चल बाहेर.”

“मी? मी कशाला?”

“सगळे म्हणजे सगळे!”

सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या. “काय झालं? पोरं कुठे निघाली?”

“आई, बाहेर या.”

“अहो जावईबापू, गॅसवर माझा...”

“काही घ्यायला, काही बंद करायला मागे फिरायचं नाही!” साहेबांनी त्यांना अदबीने दंडाला धरून पायरी उतरवली. मग नियम होता म्हणून, म्हणजे आग पसरू नये म्हणून, मागे वळून घराचं दार ओढून घेतलं. दाराने खट् असा आवाज केला. तो आवाज बायकोने ऐकला. साहेबांनी ऐकला नाही, कारण ते हिरवळीवर जाऊन मुंडकी मोजू लागले होते.

मोजणी जुळेना. कुणी कमी असता तर काय करायचं ते साहेबांना झोपेतही सांगता आलं असतं. पण इथे एक माणूस जास्त भरत होता, आणि जास्त माणसाचं काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. तीनदा मोजल्यावर सापडलं: एक गाल सुजलेले गृहस्थ रांगेच्या शेवटी हात बांधून उभे होते. ते बाईंचे पेशंट. शिट्टी ऐकून खुर्चीतून उठून आले होते आणि परत आत जायला त्यांचा साफ नकार होता.

“कुठलीही शिट्टी म्हणालात ना?” ते सुजल्या गालाने म्हणाले. मघापासून खिडकीतून ऐकत होते म्हणे.

तिकडे कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. दर शिट्टीला पोरं साहेबांकडे बघत. “काका, परत वाजली. आता कुठे जायचं?”

“अहो,” बायको अगदी शांतपणे म्हणाली, “गॅस चालू आहे. चावी कुठे आहे?”

साहेबांनी खिसा चाचपला. खिशात शिट्टी होती.

चावी आत होती. जादा चावीही आत होती, संकटकाळच्या पेटीत, दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या. जादा चावी डॉक्टरीणबाईंकडे ठेवू असं बायको वर्षभर सांगत होती, पण घराची चावी परक्याच्या हाती देणं हा साहेबांच्या मते सगळ्यात मोठा धोका होता. मागच्या दाराला आतून दोन कड्या आणि वर कुलूप. खिडक्यांना जाड गज, तेही साहेबांनी उभं राहून बसवून घेतलेले. चोर काय, या घरात मालकही शिरणार नाही याची त्यांनी चोख व्यवस्था केली होती.

मग कुकरच्या शिट्ट्या थांबल्या. त्या चालू होत्या तेव्हा बरं होतं, असं सगळ्यांना वाटलं. करपल्याचा वास गल्ली ओलांडून आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघू लागला. साहेब धावत सुटले.

“धावायचं नाही!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेब चालू लागले. दारापर्यंत ते झपझप चालत गेले, दाराला खांदा दिला आणि खांदा चोळत परत आले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. बायको डॉक्टरीणबाईंच्या फोनवरून बंब बोलावत होती. आणि ठिणगी सगळ्यांपासून बाजूला, कुंपणापाशी उभी होती, सुरी अजून तशीच हातात. ती रडत नव्हती. शाळेत बसते म्हणतात तशीच उभी होती, तोंड मिटून.

साहेबांना कारखान्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या क्षणी वाटली. कुकर गेला, दारही जाईल, ते भरून येईल. पण आपण पोरीचा वाढदिवस मातीत घातला, हे त्यांना लख्ख कळलं, आणि यावर कुठली शिट्टी फुंकायची ते त्यांना सुचेना.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घंटा घणघणली. आगीचा बंब! लालभडक, शिडीसकट, खराखुरा. पोरांनी अशी काही आरोळी ठोकली की डॉक्टरीणबाईंच्या खिडकीची तावदानं थरथरली.

बंब मात्र गल्लीच्या तोंडाशीच थांबला. मिशीवाले बंबाधिकारी खाली उतरले. गेल्याच महिन्यात कारखान्यात साहेबांनी त्यांना पाइप नीट गुंडाळत नाही म्हणून चारचौघांत सुनावलं होतं.

“रस्त्यात खुर्च्या कुणी घातल्या?” अधिकाऱ्यांनी दरडावून विचारलं.

एका सुरात उत्तरं द्यायची सवय पोरांना साहेबांनीच लावली होती.

“काकांनी!”

“घराचं दार कुणी लावलं?”

“काकांनी!”

“आत गॅस चालू असताना?”

“हो!”

“आणि चावी?”

“आत!”

“बाहेर पडायचा दुसरा रस्ता?”

“काकांनी बंद केला!”

अधिकाऱ्यांनी हळूहळू मान वळवली. “साहेब? तुम्ही?”

साहेबांनी हातातल्या ओल्या टॉवेलने कपाळ पुसलं. “मुलांचा प्रतिसाद मात्र उत्तम होता,” ते म्हणाले.

दार फोडायला फार वेळ लागला नाही. दोन जवान आत गेले आणि चिमट्यात धरून कुकर बाहेर घेऊन आले. तो आतून-बाहेरून काळाठिक्कर, आणि बटाट्यांचा फक्त अंदाज बांधता येत होता. आगबिग काही नव्हती, नुसता धूर. सासूबाईंनी कुकरकडे बघून डोळ्यांना पदर लावला. तो त्यांच्या लग्नातला होता.

पण पोरांचं लक्ष कुकरकडे नव्हतं. ती बंबाला चिकटली होती. आत बसता येतं का, घंटा वाजवता येते का, शिडी आभाळापर्यंत जाते का? अधिकारी मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, “वाढदिवस कुणाचा आहे? ती आधी बसणार.”

सगळी पोरं कुंपणाकडे वळली. ठिणगी हलली नाही. तिला वाटलं आता हसणार सगळे. तेव्हा दोन वेण्यांची मुलगी तरातरा चालत तिच्यापाशी गेली आणि तिने तिचा हात धरला. “चल ना! तू पुढे बस, मी तुझ्या शेजारी. आमच्या कुणाच्या वाढदिवसाला कधी बंब नाही आला!”

ठिणगीची गुळणी सुटली ती सुटलीच. डोक्यावर घसरणारं हेल्मेट घालून तिने घंटा वाजवली, बंबातूनच सगळ्यांना हुकूम सोडले, आजीच्या कुकरचं वर्णन केलं, बाबांच्या तीन शिट्ट्यांची हकिगत सांगितली. तिच्या आईला हसू आणि रडू एकदमच आलं. केक बंबाच्या पायरीवर आणला. मेणबत्ती जळून केकात रुतली होती, म्हणून दुसरी लावली. ठिणगीने फुंकर मारली आणि अधिकारी खणखणीत आवाजात म्हणाले, “आग आटोक्यात!” गाल सुजलेल्या गृहस्थांनीसुद्धा केक खाल्ला, डॉक्टरीणबाई बघत असताना.

पालक न्यायला आले तेव्हा त्यांना फुटलेलं दार, उभा बंब आणि घरी यायला तयार नसलेली पोरं दिसली. तोवर साहेब पूर्ण सावरले होते. प्रत्येक पालकाला ते फाटकापर्यंत सोडायला गेले आणि प्रत्येकाला म्हणाले, “सगळं नियोजनाप्रमाणे.”

सगळे गेल्यावर साहेब पायरीवर बसले. मागे सासूबाई कुकर घासत होत्या, त्या घासण्याच्या आवाजात बरंच काही होतं. बायको दाराच्या फटीत पुठ्ठा ठोकत होती. साहेबांचा आत्मविश्वास मात्र परत जागच्या जागी आला होता.

“काय म्हणालो होतो मी? मैत्रीण मिळेल. मिळाली की नाही?”

बायकोच्या तोंडात खिळे होते, हे साहेबांचं नशीब.

ठिणगी नाचतच आली. “बाबा, ती मला उद्या तिच्या घरी बोलावतेय! आणि परवा दुसरीच्या घरी! सगळ्यांनी मिळून पाळ्या लावल्यात. शाळा सुटली की मी रोज कुणाच्या तरी घरी जायचं.”

“ऐकलंस?” साहेबांनी बायकोकडे बघून मान डोलावली आणि ठिणगीला मांडीवर ओढलं. “एका दिवसात अख्खा वर्ग! सांग आईला, रोज का बोलावतायत ते.”

“त्यांनी आपापसात ठरवलं,” ठिणगी म्हणाली. “त्या म्हणाल्या, तुझे बाबा घरी यायच्या वेळेला तू आमच्याकडेच राहत जा. आमच्याकडे जास्त सेफ आहे.”